अँटेना सगळ्यात शेवटी: कारखान्यात खासगी ५जी नेटवर्क उभारण्याचा योग्य क्रम

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर. कुठल्याही औद्योगिक पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यात आज ‘खासगी ५जी’चा प्रस्ताव टेबलावर असतो. जगभर बंदरं, खाणी, विमानतळ आणि वाहन कारखाने स्वतःच्या आवारापुरतं मोबाइल नेटवर्क उभारत आहेत. आपल्याकडेही मागणी वाढते आहे. पण काम सुरू होतं ते बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून. विक्रेता येतो, शेडमध्ये दोन रेडिओ (सिग्नल पाठवणारी-घेणारी यंत्रं) टांगतो, फोनवर वेग मोजून दाखवतो आणि सगळे खूश होतात. वर्षभरानंतर नेटवर्क चालू असतं, पण त्यावर उत्पादनाचं एकही काम चालत नसतं.

यात तंत्रज्ञानाचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो क्रम. प्लांटमध्ये आयटी, मेंटेनन्स किंवा ऑटोमेशन सांभाळणाऱ्या आणि असा प्रकल्प हाती आलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एखादा टप्पा अडला तर पुढच्याची खरेदी करू नका.

## टप्पा १: आधी कामाची यादी, मग नेटवर्क

‘आम्हाला इंडस्ट्री ४.० करायचंय’ हे काम नव्हे. काम कसं मांडायचं याचं चांगलं उदाहरण चाकणमध्येच आहे. २०२२ च्या अखेरीस महिंद्राच्या तिथल्या कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी ५जी आणल्याचं जाहीर केलं, तेव्हा काम नेमकं सांगितलं होतं: गाडी बाहेर पाठवण्याआधी तिच्यात सॉफ्टवेअर भरणं, आणि तेही अनेक गाड्यांमध्ये एकाच वेळी. इतकं स्पष्ट असलं की वेग किती, कुठे आणि कुठल्या दिशेनं हवा ते आपोआप कळतं.

प्रत्येक कामासाठी एका ओळीत इतकं लिहा:

- उपकरणं किती, आणि त्यातली एकाच वेळी चालणारी किती
- डेटा कुठल्या दिशेनं: उपकरणाकडून सर्व्हरकडे, म्हणजे अपलिंक, की उलट, म्हणजे डाउनलिंक
- प्रत्येकी किती मेगाबिट
- किती विलंब चालेल, आणि संपर्क तुटला तर किती सेकंदांनी लाइन थांबते
- उपकरण जागेवर असतं की फिरतं. फिरत असेल तर कुठून कुठे

यातला दिशेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. मोबाइल नेटवर्कची रचना लोकांनी व्हिडिओ बघण्यासाठी झाली आहे, त्यामुळे डाउनलिंकला झुकतं माप मिळतं. कारखान्यात उलटं असतं: कॅमेरे, स्कॅनर, सेन्सर सगळे वर पाठवणारे.

आकडेमोड करून बघा. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं होतं. नेहमीच्या मांडणीत दर पाच स्लॉटपैकी (वेळेच्या तुकड्यांपैकी) तीन डाउनलिंकला, एक अपलिंकला आणि एक दोन्हींच्या मधला असतो. म्हणजे अपलिंकच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा. पूर्ण १०० मेगाहर्ट्झ मिळाले आणि सिग्नल उत्तम असला, तरी एका थरावर (एका वेळच्या एकाच प्रवाहावर) अपलिंक साधारण १०० मेगाबिटच्या आसपास येऊन थांबतो. दोन थर पाठवू शकणारी उपकरणं असतील तर त्याहून वर जातो, पण कोपऱ्यातली, यंत्रांच्या आड असलेली उपकरणं सरासरी खाली ओढतात. आता ४ मेगाबिटचे ४० कॅमेरे धरा. १६० मेगाबिट झाले. ते एका सेलवर (एका रेडिओच्या कक्षेवर) बसणार नाहीत, मग माहितीपत्रकात ‘गिगाबिट’ कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो.

सावधान: ‘पाच स्लॉटांची मांडणी आपण बदलून घेऊ’ असं विक्रेता म्हणाला तर लेखी मागा. तुम्ही मोबाइल कंपनीचं स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वापरत असाल तर बाहेरच्या टॉवरची मांडणीही तीच असावी लागते. नाहीतर बाहेरचा टॉवर प्रसारण करतो त्याच क्षणी तुमचा रेडिओ ऐकत असतो आणि त्याच्या कानावर फक्त गोंगाट पडतो.

इथे तपासा: यादीतली किती कामं वाय-फायवर किंवा साध्या केबलवर होतील? जागेवर बसवलेल्या यंत्राला केबल ओढा. ऑफिस आणि लहान गोदामातल्या स्कॅनरना वाय-फाय पुरे आहे. मोठं आवार, उघडं यार्ड, धातूचे रॅक, फिरणाऱ्या गाड्या आणि क्रेन, जिथे उपकरण एका अँटेनाच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाताना तुटून चालत नाही, तिथे खासगी मोबाइल नेटवर्क आपली किंमत वसूल करतं. गाळणी लावून यादी रिकामी झाली तर प्रकल्प इथेच थांबवा. हा निर्णय सांगायची लाज वाटू देऊ नका. कंपनीचे पैसे वाचवलेत.

आणखी एक प्रश्न इथेच विचारा: ५जीच का? जगातल्या कितीतरी खाणी आणि बंदरं खासगी ४जीवर उत्तम चालतात. ४जीची औद्योगिक उपकरणं जास्त मिळतात, स्वस्त पडतात आणि रुळलेली आहेत.

## टप्पा २: उपकरणं मिळतात का ते बघा

रेडिओ आणि कोअर (नेटवर्कचा मेंदू) विकणारे भरपूर आहेत. अडतं ते दुसऱ्या टोकाला, तुमच्या एजीव्हीवर (माल वाहणाऱ्या चालकविरहित गाडीवर), क्रेनवर आणि हातात धरायच्या स्कॅनरमध्ये.

‘५जी सपोर्ट’ या शब्दांवर थांबू नका. चार गोष्टी लेखी घ्या. पहिली, उपकरण स्टँडअलोन ५जीवर चालतं का. काही उपकरणांना सोबत ४जी लागतंच. दुसरी, तुम्हाला मिळणारा बँड आणि त्यातला नेमका भाग त्यात आहे का. तिसरी, तुमचा नेटवर्क कोड (नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) ते स्वीकारतं का. काही फोन उत्पादकाच्या यादीत नसलेल्या नेटवर्कवर स्टँडअलोन सुरूच करत नाहीत. चौथी, भारतात वापरायला लागणारी मान्यता, म्हणजे वायरलेस विंगची उपकरण मंजुरी आणि जिथे लागू असेल तिथे टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटरचं अनिवार्य चाचणी प्रमाणपत्र. ही प्रमाणपत्रं परचेस ऑर्डरच्या अटींत घाला. माल कस्टम्समध्ये अडकल्यावर ती मागून उपयोग नाही.

चाकण परिसरात परदेशी कंपन्यांचे कारखाने बरेच आहेत, म्हणून एक खास चूक सांगायला हवी: मुख्यालयाचा आराखडा जसाच्या तसा उचलणं. जर्मनीत ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा पट्टा कारखान्यांना थेट सरकारी नियामकाकडून मिळतो. भारतात याच भागातला जो पट्टा मोबाइल कंपन्यांना लिलावात विकला गेला, तो ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ. दोन्ही कागदावर ‘एन-७८’ बँडमध्येच मोडतात, पण जर्मन प्लांटसाठी मागवलेला रेडिओ फक्त वरच्या तुकड्यासाठी फिल्टर केलेला असू शकतो. अमेरिकेतला सामायिक पट्टा ३.५५ ते ३.७ गिगाहर्ट्झ आणि त्याचा बँड एन-४८, म्हणजे तिथली सामग्री आणखी वेगळी.

इथे तपासा: प्रत्येक प्रकारचं एक तरी उपकरण हातात घेऊन, नियोजित कोअर आणि रेडिओसोबत विक्रेत्याच्या प्रयोगशाळेत जोडून बघितलं का? हे झाल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही.

## टप्पा ३: स्पेक्ट्रम आणि परवान्याचा मार्ग ठरवा

भारतात दूरसंचार विभागानं जून २०२२ मध्ये खासगी नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरकारी भाषेत त्याला ‘कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्क’ म्हणतात. मार्ग चार आहेत:

1. मोबाइल कंपनी आपल्या सार्वजनिक नेटवर्कचाच एक वेगळा हिस्सा तुम्हाला सेवा म्हणून देते.
2. मोबाइल कंपनी तुमच्या आवारात, स्वतःच्या स्पेक्ट्रमवर, स्वतंत्र नेटवर्क उभारते.
3. तुम्ही मोबाइल कंपनीकडून स्पेक्ट्रम भाड्यानं घेता आणि नेटवर्क स्वतः उभारता.
4. तुम्ही स्पेक्ट्रम थेट दूरसंचार विभागाकडून घेता.

पहिल्या दोन मार्गांत परवान्याची जबाबदारी मोबाइल कंपनीची. तिसऱ्या आणि चौथ्यात परवाना तुम्हाला घ्यावा लागतो. २०२२ च्या तत्त्वांनुसार त्याची मुदत १० वर्षं, अर्जाचं परत न मिळणारं शुल्क ५०,००० रुपये, आणि प्रवेश शुल्क किंवा वार्षिक परवाना शुल्क नाही. मात्र अशा नेटवर्कला सार्वजनिक फोन नेटवर्कशी जोडता येत नाही. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली ही सगळी पद्धत नव्या अधिकृतीच्या नियमांकडे सरकते आहे, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात लागू असलेले नियम ‘सरल संचार’ पोर्टलवर पुन्हा वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या सादरीकरणावर विसंबू नका.

माझं स्पष्ट मत: पहिला प्रकल्प दुसऱ्या मार्गानं करा. चौथ्या मार्गासाठी सरकारनं मागणीचा अंदाज घ्यायला सुरुवात केली तेव्हा १०० कोटी रुपयांहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांनाच बोलावलं होतं. थेट वाटप होईल या आशेवर उत्पादनाचं वेळापत्रक बांधणं धोक्याचं आहे. तिसरा मार्ग त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे रेडिओ नेटवर्क रोज चालवू शकणारी स्वतःची माणसं आहेत. बहुतेक कारखान्यांकडे ती नसतात.

परदेशातल्या साइटवर काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात: ब्रिटनमध्ये ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये तिथला नियामक ऑफकॉम स्थानिक सामायिक परवाने देतं. जपानमध्ये ‘लोकल ५जी’ ही वेगळी व्यवस्था आहे. अमेरिकेत सामायिक पट्ट्यातल्या सर्वसाधारण वापरासाठी लिलावात उतरावं लागत नाही, पण रेडिओला स्वयंचलित नोंदणी यंत्रणेकडून परवानगी मिळेपर्यंत तो प्रसारण करू शकत नाही. तिथे इंटरनेट जोडणीच उशिरा आली की सगळं काम खोळंबतं.

सावधान: परवानगीआधी ‘फक्त टेस्टिंगसाठी’ रेडिओ चालू करू नका. अधिकृतीशिवाय नेटवर्क चालवणं हा गुन्हा आहे, आणि शेजारच्या टॉवरमध्ये अडथळा आला की मोबाइल कंपनीला तो शोधायला वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग घेतलात तर करारात पाच मुद्दे हवेतच: तुमच्या आवारात किती मेगाहर्ट्झ आणि किती काळ, कंपनीनं बाहेर तेच स्पेक्ट्रम वापरलं तर अडथळ्याची जबाबदारी कुणाची, उपकरणसंख्या वाढल्यावर दर काय, बिघाड झाल्यास किती तासांत माणूस दारात, आणि करार संपला तर रेडिओ व सिम कुणाचे.

## टप्पा ४: सर्व्हे, आणि तोही चालू शिफ्टमध्ये

सर्व्हे रविवारी करायचा मोह सगळ्यांना होतो. शेड रिकामं, क्रेन उभ्या, कुणाचा अडथळा नाही. नेमका म्हणूनच तो सर्व्हे निरुपयोगी ठरतो. सोमवारी रॅक भरतात, प्रेस शॉपमध्ये कॉइल येऊन बसतात, क्रेन फिरायला लागते आणि सिग्नलचा नकाशाच बदलतो.

सर्व्हेच्या दिवशी ही काळजी घ्या:

- माल भरलेला असताना आणि क्रेन चालू असताना मोजा. शक्य असेल तर दोन वेगळ्या शिफ्टमध्ये.
- उपकरणाच्या उंचीवर मोजा. एजीव्हीचा अँटेना जमिनीपासून फूटभर असतो आणि सर्व्हेयर फोन छातीशी धरून चालतो. या दोन उंचींवरची रीडिंग वेगळी येतात.
- फक्त सिग्नलची ताकद नको, गुणवत्ताही नोंदवा, आणि अपलिंक स्वतंत्र मोजा. कामाच्या जागी ताकद उणे १०० डीबीएमच्या खाली जाऊ नये असं धरून चाला. महत्त्वाच्या जागी उणे ९५ चा आग्रह धरा.
- रंगकाम, सॉल्व्हंट साठा किंवा गॅस असलेली धोक्याची क्षेत्रं नकाशावर लाल करा. तिथे साधी विद्युत उपकरणं बसवता येत नाहीत, स्फोटरोधक मान्यता असलेलीच लागतात. सेफ्टी ऑफिसरना सर्व्हेला सोबत घ्या. नंतर सही मागायला गेलात तर काम महिनाभर मागे जातं.
- कंपाउंडच्या बाहेर सिग्नल किती सांडतो तेही बघा.

इथे तपासा: टप्पा १ मधल्या प्रत्येक कामाच्या प्रत्यक्ष जागी रीडिंग आहे का? नकाशा पूर्ण हिरवा आहे, पण डॉक क्रमांक ३ च्या मागची चार्जिंगची जागा मोजलीच नाही, असं सर्रास होतं.

## टप्पा ५: नेटवर्कचा मेंदू कुठे ठेवायचा

रेडिओमागे कोअर असतो. सिम ओळखणं, उपकरणाला आत घेणं आणि डेटा योग्य जागी पोचवणं ही त्याची कामं. विक्रेता म्हणतो, ‘डेटा तुमच्या आवारातच राहील.’ ते खरं असतं, पण अर्धं. डेटा वळवणारा भाग तुमच्या सर्व्हर रूममध्ये असतो. ओळख पटवणारा आणि नोंदणी करणारा भाग बऱ्याचदा मोबाइल कंपनीच्या शहरातल्या केंद्रात.

एमआयडीसीच्या रस्त्यावर जेसीबीनं फायबर तोडला की काय होतं बघा. आधीपासून जोडलेली उपकरणं थोडा वेळ चालत राहतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग एखादी एजीव्ही बॅटरी बदलायला बंद होते आणि पुन्हा सुरू होते. तिला नोंदणी हवी असते, ती देणारा दूर शहरात, आणि मधली तार तुटलेली. गाडी जागेवर उभी. अशा एकेक गाड्या बाहेर पडत जातात.

ज्या कामामुळे लाइन थांबते, त्यासाठी पूर्ण कोअर आवारातच ठेवा, सिमच्या नोंदींसकट. खर्च वाढेल. तो परवडत नसेल तर दोन वेगळ्या रस्त्यांनी येणारे दोन फायबर घ्या. ‘दोन कंपन्यांचे’ फायबर एवढं पुरेसं नाही. दोघांच्या केबल एकाच चरातून येत असतील तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. रस्त्यावर जाऊन मार्ग डोळ्यांनी बघा.

## टप्पा ६: आयपी, रूटिंग आणि पीएलसी

सर्वांत जास्त दिवस इथे वाया जातात, कारण रेडिओवाल्यांना पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) माहीत नसतो आणि ऑटोमेशनवाल्यांना मोबाइल कोअर. सुरुवातीलाच दोघांना एका टेबलावर बसवा आणि या तीन गोष्टी कागदावर आणा.

राउटरमागची यंत्रं. सिम राउटरमध्ये असतं आणि राउटरमागे पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), कॅमेरा. कोअर ओळखतो तो फक्त सिमचा आयपी. त्यामुळे पीएलसीनं सर्व्हरला हाक मारली तर पोचते, पण सर्व्हरनं पीएलसीला हाक मारली तर कोअर पॅकेट टाकून देतो. त्याला मागचं जाळं माहीतच नसतं. उपाय दोन: प्रत्येक सिममागचं सबनेट (मागच्या यंत्रांच्या आयपींचा गट) कोअरमध्ये नोंदवायचं, किंवा राउटरपासून सर्व्हरपर्यंत टनेल (नेटवर्कच्या आतून जाणारा बंदिस्त मार्ग) टाकायचा. कुठला ते आधी ठरवा, आणि निवडलेला कोअर पहिला उपाय देतो का ते विचारा. सगळेच देत नाहीत. प्रत्येक सिमला कायमचा आयपी द्या.

पॅकेटचा आकार. मोबाइल नेटवर्क प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टन घालतं, त्यामुळे १५०० बाइटचं पॅकेट १५०० च्या लिंकमधून जात नाही. लक्षण ठरलेलं आहे: पिंग जातो, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठी फाइल किंवा एचएमआयची स्क्रीन अडकते. रेडिओ आणि कोअर यांच्यामधल्या स्विचवर मोठी पॅकेट चालू करा, नाहीतर उपकरणाच्या बाजूला मर्यादा १४०० वर आणा. टनेल असेल तर त्याहून खाली.

प्रोफिनेटसारखे, यंत्रं आपसांत बोलण्यासाठी वापरतात ते प्रोटोकॉल. हे आयपीवर नाही, त्याखालच्या थरावर बोलतात. ५जीच्या मानकात इथरनेट थेट नेण्याची सोय आहे, पण ती देणारी उपकरणं कमी. म्हणून टनेल लागतो. शिवाय केबलवर काही मिलिसेकंदांचं चक्र ठेवलेलं असतं, ते तसंच हवेत टाकलं की पीएलसी वारंवार फॉल्टला जातो. आजच्या नेहमीच्या मांडणीत जाऊन-येऊन १० ते २० मिलिसेकंद धरा आणि अधूनमधून त्याहून मोठा झटका. चक्र आणि वॉचडॉग (उत्तराची वाट बघण्याची मुदत) त्याप्रमाणे वाढवा. जे कंट्रोल लूप हे सोसत नाहीत ते केबलवरच राहू द्या. ‘एक मिलिसेकंद’ हा आकडा माहितीपत्रकातून उचलून डिझाइनमध्ये घालू नका.

सावधान: माणसाच्या जिवाशी संबंध असलेला थांबा केवळ रेडिओवर टाकू नका. गाडीवरचा लेझर स्कॅनर आणि इमर्जन्सी स्टॉप नेटवर्क मेलं तरी चालले पाहिजेत.

## टप्पा ७: आता रेडिओ बसवा

इथवर आलात तर रेडिओ किती आणि कुठे याचं उत्तर जवळजवळ तयार असतं.

जास्त रेडिओ म्हणजे जास्त क्षमता, हा समज सोडा. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे शेजारी सेल एकमेकांत लुडबुड करतात, आणि उघड्या शेडमध्ये अडवायला भिंतीही नसतात. आधी गल्लीच्या दिशेनं तोंड केलेले दिशादर्शक अँटेना वापरून कमी सेलमध्ये भागतं का बघा. क्रेनच्या मार्गाच्या वर किंवा बाजूला, क्रेननं झाकले जाणार नाहीत अशा जागी बसवा. मेंटेनन्सला वर चढता येईल का, हेही तेव्हाच बघा.

वेळेचं जुळवणं वेगळं लक्ष मागतं. आळीपाळीच्या पद्धतीत सगळ्या रेडिओंची घड्याळं एका ठरावीक वेळेशी साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात. वेळ उपग्रहाकडून येते, आणि पत्र्याखाली उपग्रह दिसत नाही. छतावर मोकळ्या आकाशाखाली जीपीएस अँटेना लावा, वीजरोधक संरक्षणासह. वळवाच्या विजा पहिल्याच मोसमात संरक्षण नसलेला अँटेना घेऊन जातात. तिथून रेडिओपर्यंत वेळ नेटवर्कवरून न्यायची असेल तर मधला प्रत्येक स्विच त्या प्रोटोकॉलला साथ देणारा हवा. स्टोअरमध्ये पडलेला साधा स्विच मधे घातला की सेल कधी चालतात, कधी आपोआप बंद होतात, आणि कारण शोधता शोधता आठवडे जातात.

रेडिओ, स्विच, घड्याळ आणि कोअर चारही यूपीएसवर हवेत. एक जरी सुटला तरी बाकीच्या तिघांचा उपयोग नाही.

इथे तपासा: तुमच्या सेलवर मोबाइल कंपनीचाच नेटवर्क कोड असेल तर त्या कंपनीचं सिम असलेला प्रत्येक कामगाराचा फोन त्यावर यायचा प्रयत्न करील. सेल इतरांना बंद आहे ना, हे साध्या सिमचे काही फोन घेऊन शेडमध्ये फिरून बघा. बाहेरच्या बाजूनंही बघा: तुमची एजीव्ही गेटजवळ गेल्यावर सार्वजनिक टॉवर पकडत नाही ना?

## टप्पा ८: सिम वाटणं

सिममधली गुप्त किल्ली म्हणजे नेटवर्कचा दरवाजा. किल्ल्यांची एक्सेल फाइल ईमेलवर फिरवू नका. ती विक्रेत्याकडून कोअरमध्ये कूटबद्ध स्वरूपातच जावी. प्रत्येक सिम ठरावीक उपकरणाच्या आयएमईआयशी (ओळख क्रमांकाशी) बांधा, म्हणजे कुणी राउटरमधलं सिम काढून फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही. नोंदवहीत सिम क्रमांक, उपकरण, आयपी, जागा आणि जबाबदार व्यक्ती हे पाच रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. शंभर सिम वाटून झाल्यावर ही वही मागून तयार होत नाही.

## टप्पा ९: ताब्यात घेण्याआधीची चाचणी

स्पीड टेस्टवर सही करू नका. एक फोन, अँटेनाखाली उभं राहून, रिकाम्या नेटवर्कवर: त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ही चाचणी करारातच लिहिलेली हवी, म्हणून तिचा मसुदा टप्पा ३ मध्येच तयार करा. तिच्यात किमान इतकं हवं:

1. यादीतली सगळी उपकरणं एकाच वेळी पूर्ण भारावर, सलग तीन दिवस, तिन्ही शिफ्ट.
2. विलंबाची सरासरी नको. हजारातल्या ९९९ पॅकेटना किती वेळ लागला तो आकडा हवा, आणि सर्वांत मोठा खंड किती होता तोही. सरासरी १२ मिलिसेकंद असतानाही तासातून दोनदा अर्धा सेकंद गप्प बसणारं नेटवर्क एजीव्ही थांबवतं.
3. फिरत्या उपकरणाची प्रत्येक सेल बदलताना होणारी खंडितता, दोन्ही दिशांनी.
4. बाहेरचा फायबर काढा. मग एक उपकरण बंद करून चालू करा. ते परत जोडलं जातं का?
5. छतावरची जीपीएस केबल काढा आणि सेल किती तास तग धरतात ते मोजा.
6. मुख्य वीज बंद करा. यूपीएसवर किती वेळ टिकतं, आणि वीज आल्यावर कुणाचा हात न लागता सगळं पुन्हा उभं राहतं का?

चौथी आणि सहावी चाचणी टाळण्याकडे विक्रेत्यांचा कल असतो. शेवटचा हप्ता नेमका त्या दोन चाचण्यांनाच बांधा.

## टप्पा १०: रोजचा कारभार

तिसऱ्या शिफ्टला रात्री दोन वाजता एजीव्ही थांबली तर फोन कुणाला करायचा? आयटी म्हणेल नेटवर्क ठीक आहे, ऑटोमेशन म्हणेल पीएलसी ठीक आहे, मोबाइल कंपनीचं कॉल सेंटर तक्रार क्रमांक देईल. म्हणून एका पानाची तपासयादी शिफ्ट इंजिनिअरकडे ठेवा: राउटरवरचा सिग्नलचा दिवा, सिमला मिळालेला आयपी, कोअरला पिंग, सर्व्हरला पिंग. चारपैकी कुठे तुटतं त्यावरून कुणाला उठवायचं ते ठरतं. ही यादी मराठीत लिहा आणि पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा.

एक रेडिओ, दोन राउटर, एक स्विच आणि चालू न केलेली काही सिमं स्टोअरमध्ये सुटी ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट उत्पादनाच्या सुट्टीतच करा, आणि आधी एका सेलवर. कोअर व रेडिओच्या सॉफ्टवेअर लायसन्सच्या तारखा वार्षिक देखभाल कराराच्या यादीत घाला. ती यादी खरेदी विभागाकडे असते, आयटीकडे नाही, आणि एखादी तारीख निसटली तर काही कोअर नवी उपकरणं आत घेणंच थांबवतात.

नवं यंत्र, नवा रॅक किंवा मेझानाइन उभं राहिलं की त्या भागाचा सर्व्हे पुन्हा करा. लेआउट बदलाच्या मंजुरी फॉर्मवर नेटवर्कच्या सहीचा एक चौकोन वाढवून घ्या. सिव्हिलचं काम सुरू होण्याआधी तुमच्यापर्यंत बातमी त्याच चौकोनातून पोचेल.